फोनचे रूप बदलले, तर काय करावे?

2025 सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. गणपती पाच दिवसांवर आले होते. धो धो कोसळून पाऊस जरा दमला होता. बोईसरला आमचा संध्याकाळचा वाचनवर्ग भरतो. त्या दिवशी, 22 तारखेला, वर्गातली एक ताई आली ती वही न काढता फोनच काढून बसली. म्हणाली, "ह्याला कोणी करणी केली की काय, ते बघा आधी."

झाले होते ते असे. आदल्या दिवशी, म्हणजे 21 ऑगस्टला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात वायू गळला. चार कामगार दगावले. संध्याकाळपर्यंत बातमी घरोघर गेली. कारखाना कोणता, माणसे कोण, हे आधी कोणालाच धड कळेना. ह्या ताईचा नवरा त्याच वसाहतीत, पण दुसऱ्या कारखान्यात कामाला आहे. त्याची दुपारची पाळी होती. आपण सुखरूप आहोत एवढे सांगायला त्याने घरी फोन लावला.

फोन वाजला. पडद्यावर नवऱ्याचे नाव आले. ताईने रोजच्यासारखे बोट खालून वर ओढले. फोन वाजतच राहिला. तिने पुन्हा ओढले, जोराने ओढले. फोन वाजून वाजून थांबला. असे पाच वेळा झाले. मग तिने आपणच उलट फोन लावायचे ठरवले. तर आकड्यांचे चित्र ज्या जागी असायचे त्या जागी ते नाही. माणसांची नावे जिथे असायची तिथे भलतेच काही. शेवटी शेजारचा मुलगा घरी आला, त्याने इकडे तिकडे दाबून फोन लावून दिला. तोवर दीड तास गेला होता.

"तो दीड तास मी कसा काढला, ते माझं मला ठाऊक," ताई म्हणाली. वर्गात कोणी काही बोलले नाही.

थोड्या वेळाने दुसरी एकजण म्हणाली, "माझ्याही फोनला तसंच झालंय." मग तिसरी. एकीने तर घरात कोणाला सांगितलेच नव्हते. आपल्याच हातून काही चुकीचे दाबले गेले, आता नवरा रागवेल, म्हणून ती दोन दिवस फोन लपवून वावरत होती. एकजण फोन घेऊन एका दुकानात गेली होती. दुकानदाराने "फोनात व्हायरस शिरलाय" म्हणून दोनशे रुपये घेतले आणि फोन होता तसाच परत दिला.

आम्ही त्या संध्याकाळचा धडा बाजूला ठेवला आणि फोनच शिकायला घेतला. त्या दिवशी जे बोलणे झाले, ते इथे लिहीत आहोत.

डबे हलले, मीठ घरातच आहे

पहिली गोष्ट ही, की फोन बिघडला नव्हता. कोणी करणी केली नव्हती आणि व्हायरसही शिरला नव्हता. त्या आठवड्यात आपल्या देशात असंख्य फोनांवर हेच झाले. मुंबईतल्या शिकल्यासवरल्या माणसांनीही "माझा फोन कोणी ताब्यात घेतला की काय" म्हणून एकमेकांना विचारले. वर्तमानपत्रांतही बातम्या आल्या. तेव्हा जिने फोन लपवून ठेवला होता, तिचा काडीचाही दोष नव्हता.

आता हे झाले कसे, ते पाहू. फोन हे यंत्र. त्या यंत्रात निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी ॲप असतात. फोटो काढायचे एक, पैसे पाठवायचे एक, निरोप पाठवायचे एक. आपल्याला वाटते, बोलण्यासाठी कशाला ॲप हवे, तो तर फोनच आहे! पण तसे नाही. आलेला कॉल घ्यायचा, नंबर लावायचा, हेसुद्धा एका ॲपचेच काम आहे. त्याचे नावही 'फोन' असेच आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत हे ॲप गूगल कंपनीचे असते. सॅमसंगच्या फोनात सॅमसंगचे आणि ॲपलच्या फोनात ॲपलचे असते. म्हणून एकाच घरात एकाचा फोन बदलला आणि दुसऱ्याचा जसाच्या तसा राहिला, असे पुष्कळ ठिकाणी दिसले.

2025 च्या मे महिन्यात गूगलने जाहीर केले, की आम्ही आमच्या फोनप्रणालीला आणि ॲपना नवे रूप देणार. त्या नव्या रूपाला त्यांनी 'मटीरियल थ्री एक्स्प्रेसिव्ह' असे लांबलचक नाव दिले. ऑगस्टमध्ये ते रूप आपल्याकडच्या फोन ॲपपर्यंत येऊन पोहोचले. पुढच्याच महिन्यात ॲपलनेही आपल्या फोनांचे रूप बदलले. कंपन्यांना दर दोन-चार वर्षांनी अशी हौस येतेच. दिवाळीला घर रंगवावे तशी.

"पण मी काहीच दाबलं नव्हतं," असे जवळजवळ प्रत्येक जण म्हणते. ते खरेच असते. ॲप आपोआप नवी होत राहतात. रात्री आपण झोपलेलो असतो, फोन चार्जिंगला लावलेला असतो, तेव्हा तो गुपचूप नवी ॲप उतरवून घेतो. ह्यालाच अपडेट म्हणतात. कधी कधी तर नवे ॲप आधीच येऊन बसलेले असते, आणि त्यातले नवे रूप कंपनी नंतर एके दिवशी दुरूनच चालू करते. आपण सकाळी उठून पाहतो, तो सगळे वेगळेच!

घरात सासूबाईंनी एके दिवशी फडताळ आवरले, असे समजा. मिठाचा डबा वरच्या फळीवर गेला. साखर खाली आली. आपण सवयीने हात घातला आणि आमटीत साखर पडली. मीठ काही घरातून गेले नाही. डबा हलला, इतकेच. फोनचे तसेच झाले. कॉल घ्यायची सोय गेली नाही, तिची जागा बदलली.

बोट कुठे ओढायचे

पूर्वी त्या ॲपमध्ये कॉल आला की बोट खालून वर ओढायचे, म्हणजे तो घेतला जाई. खाली ओढले की तो नाकारला जाई. आता नव्या रूपात बोट आडवे ओढायचे असते. पडद्यावर मधोमध फोनचे चित्र येते. ते हिरव्या बाजूला, म्हणजे उजवीकडे ओढले की कॉल घेतला जातो. लाल बाजूला, म्हणजे डावीकडे ओढले की नाकारला जातो. आमची ताई वर ओढत होती आणि फोन आडव्या बोटाची वाट पाहत होता. हाताला जुनी सवय, दुसरे काय!

ज्यांना हे ओढणे जमत नाही त्यांच्यासाठी दुसरी सोय आहे आणि ती आम्हाला जास्त आवडली. ती अशी लावावी.

फोनचे ॲप उघडा. वरच्या बाजूला शोधण्याची लांबट चौकट दिसेल. तिच्या कडेला तीन आडव्या रेघा असतात. त्या रेघांवर बोट टेका. एक यादी उघडेल. नावांची यादी कुठे गेली म्हणून आपण शोधत होतो ना, ती इथेच आहे! 'काँटॅक्ट्स' किंवा 'संपर्क' असे लिहिलेले असते. त्याच यादीत 'सेटिंग्ज' हा शब्द आहे. त्यावर टेका. आता ज्या ओळी दिसतील त्या एकेक करून वाचा. घाई करू नका. फोन इंग्रजीत असला तर त्यांत 'इनकमिंग कॉल जेश्चर' अशी ओळ सापडेल. इनकमिंग कॉल म्हणजे येणारा कॉल, आणि जेश्चर म्हणजे हाताची खूण. येणारा कॉल कोणत्या खुणेने घ्यावा, असे फोन आपल्याला विचारतो आहे. त्यात दोन पर्याय असतात. 'हॉरिझाँटल स्वाइप' म्हणजे आडवे ओढणे. 'सिंगल टॅप' म्हणजे एकदाच टेकणे. दुसरा पर्याय निवडला की कॉल आल्यावर पडद्यावर दोन वेगळी बटणे येतात. एक कॉल घेण्याचे आणि एक नाकारण्याचे. दारावरची बेल दाबतो तसे हव्या त्या बटणावर नुसते बोट टेकायचे. ओढायचे नाही, घासायचे नाही. कारखान्यातून दमून आलेल्या, ओल्या किंवा राठ हाताच्या माणसाला हेच सोपे पडते.

राहिला प्रश्न आकड्यांचा. आकड्यांचे चित्र पूर्वी पडद्यावर तरंगत असे. आता खाली 'कीपॅड' असा शब्द असतो, त्यावर टेकले की आकडे येतात. त्याच्या शेजारी 'होम' आहे. तिथे नुकतेच आलेले-गेलेले कॉल दिसतात आणि वरच्या बाजूला आपण खूण करून ठेवलेली जवळची माणसे दिसतात. नवऱ्याचे, मुलाचे, दवाखान्याचे नाव तिथे आणून ठेवले तर अडीअडचणीला शोधाशोध करावी लागत नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर आम्ही दोघी-दोघींच्या जोड्या केल्या. एकीने दुसरीला फोन लावायचा, दुसरीने घ्यायचा. अर्धा तास वर्गात नुसत्या घंटा वाजत होत्या. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, की आज काय परीक्षा आहे का?

खुणेने चालणे आणि वाचून चालणे

त्या अर्ध्या तासात आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. बहुतेक जणी फोन वाचत नव्हत्या. जागा पाहत होत्या. हिरवे वर, लाल खाली, नावे डावीकडून तिसरी. अक्षर येत नव्हते तेव्हा ह्या खुणांवर त्यांनी फोन चालवला, आणि चांगला चालवला. त्यात कमीपणा नाही. पण जागा बदलली की खुणा निकामी होतात. अक्षर मात्र जागा बदलली तरी तेच राहते. डब्यावर 'मीठ' असे लिहिलेले असले, तर तो कोणत्याही फळीवर जाऊ दे.

म्हणून आम्ही दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, फोनची भाषा मराठी करून घ्यायची. फोनची मुख्य सेटिंग्ज उघडली की 'सिस्टीम' किंवा अशाच काही नावाखाली 'भाषा' हा विषय असतो. तिथे मराठी घालून ती सर्वांत वर आणायची. दुसरी, जागा पाठ करायची नाही. मुख्य सेटिंग्जमध्ये वर एक भिंग असते. भिंगावर टेकून हवा तो शब्द लिहायचा किंवा बोलायचा. 'भाषा' लिहिले की भाषेची जागा फोनच दाखवतो. 'आवाज' लिहिले की आवाजाची. सगळ्या फोनांत सेटिंग्ज एकसारखी नसतात. कंपनी बदलली की वाटा बदलतात. भिंग मात्र जवळपास सगळीकडे असते.

वर्गातल्या ऐंशी वर्षांच्या आजींनी 'अक्षर' हा शब्द लिहून पाहिला. त्यांना पडद्यावरची अक्षरे मोठी करून हवी होती. अक्षरांचा आकार वाढवायची पट्टी सापडली आणि त्यांनी ती अगदी टोकापर्यंत ओढली. आता त्यांच्या पडद्यावर एका वेळी चारच ओळी मावतात. "चार तर चार," आजी म्हणाल्या, "पण त्या माझ्या मला दिसतात."

ह्या आजींनीच मग एक जुनी गोष्ट सांगितली. 1957 सालच्या 1 एप्रिलला आपल्याकडे नवे पैसे आले. तोपर्यंत रुपयाचे आणे 16. त्या दिवसापासून रुपयाचे नवे पैसे 100. आजी तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील बाजारात सुकट-बोंबील विकायला बसत. जुनी नाणी आणि नवी नाणी दोन्ही काही वर्षे एकदमच चालत होती. एका आण्याचे 6 पैसे धरायचे, दोन आण्यांचे 12. मग तीन आण्यांचे 18 हवेत ना? पण सरकारी तक्त्यात होते 19! आणि चार आण्यांचे 25. ह्याचे कारण सरळ आहे. शंभराला सोळाने भागले तर एका आण्याचे सव्वासहा पैसे येतात. एका आण्यावर ते पाव सोडून देता येते. तीन आण्यांवर मात्र पाऊण जमते, म्हणून तो पैसा पुरा धरला. पण बाजारात हे कोण समजावून सांगणार? ज्याला आकडा वाचता येत नव्हता, तो समोरचा मागेल तितके देई आणि देईल तितके घेई. आजी दुसरीपर्यंत शिकलेल्या. पुढे शाळा सुटली, अक्षरेही विसरली, पण तेव्हा आकडे येत होते. वडिलांनी मास्तरांकडून तो तक्ता कागदावर लिहून आणला आणि टोपलीपाशी मुलीला बसवले. "नाणं माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, किती?" आजी म्हणाल्या. नाण्यांचे रूप बदलले होते, पण त्यांवर आकडा लिहिलेला होताच.

1964 साली त्या पैशांच्या मागचा 'नवे' हा शब्द सरकारने काढून टाकला. तोवर ते जुने झाले होते. चार आणे हा शब्द मात्र आपण अजूनही बोलतो.

"जुने रूप परत आणता येत नाही का?"

हा प्रश्न येणारच होता. येते. फोनची मुख्य सेटिंग्ज उघडायची, 'ॲप्स'मध्ये जाऊन 'फोन' हे ॲप शोधायचे. वरच्या कोपऱ्यात तीन टिंबे असतात. त्यांवर टेकले की 'अपडेट अनइंस्टॉल करा' असे दिसते. अनइंस्टॉल म्हणजे काढून टाकणे. त्याने ॲप जाते असे नाही. त्याच्यावर नंतर चढवलेले थर निघतात आणि फोन विकत घेताना होते तसे जुने ॲप उरते. पुष्कळांनी त्या आठवड्यात हेच केले. पण ते पुन्हा आपोआप नवे होणारच. ते थांबवायचे तर प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन, तीन टिंबांखाली, आपोआप अपडेट होण्यापुढची बरोबरची खूण काढावी लागते.

एवढे सांगून आम्ही म्हटले, की फारच नड असेल तरच हे करा, आणि थोडे दिवसच करा. अपडेट म्हणजे नुसती रंगरंगोटी नसते. कुडाच्या भिंतीला भोक पडले तर आपण ते लिंपतो, नाहीतर उंदीर येतो, साप येतो. ॲपमध्येही अशी भोके सापडत राहतात. चोरांना ती सापडायच्या आत बुजवावी लागतात. ते लिंपणे अपडेटमधूनच येते. आम्हाला स्वतःला ते नवे रूप पहिले दोन दिवस मुळीच आवडले नाही. चिडचिड झाली. न विचारता कोणी आपल्या घरातले फडताळ आवरावे, ही पद्धत बरी नव्हे, असे आम्हाला आजही वाटते. पण त्यासाठी घराला भोके ठेवण्यात शहाणपणा नाही.

सगळीच अपडेट बंद करू नयेत. इंटरनेटचा पॅक फार खर्च होतो असे वाटत असेल, तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'फक्त वाय-फाय असताना' असा पर्याय निवडता येतो. मात्र मग महिन्यातून एक-दोनदा कोणाच्या तरी वाय-फायवर फोन आठवणीने जोडावा लागतो.

गोंधळाच्या वेळी येणारा माणूस

दुकानदाराने घेतलेल्या दोनशे रुपयांवरून बोलणे निघाले. दोनशे रुपये गेले ते गेले. पण ह्याहून मोठा घात होऊ शकतो. फोनमध्ये आता नुसते बोलणे राहिलेले नाही. बँक त्यात आहे, पगार त्यात आहे, सरकारी योजनेचे पैसे आल्याचा निरोपही त्यातच येतो. फोन समजेनासा झाला, की आपण घाबरतो. घाबरलेल्या माणसाला कोणीही "आणा इकडे, मी करून देतो" म्हटले, की तो फोन देऊन टाकतो.

चोरांना हे नीट ठाऊक आहे. ते फोन करून सांगतात, "मी कंपनीतून बोलतोय. तुमचा फोन जुना झालाय. मी पाठवतो ते ॲप घाला." व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात. कधी ती लग्नपत्रिका म्हणून येते, कधी वाहनाच्या दंडाची पावती म्हणून, कधी सरकारी योजनेचा अर्ज म्हणून. ती उघडून ॲप घातले, की आपल्याला आलेले निरोप चोर वाचू शकतो. बँकेकडून आलेला गुप्त आकडाही त्यांतच असतो. दुसरा प्रकार म्हणजे आपला पडदा दुरून पाहता येईल असे ॲप घालायला लावणे. आपण आपल्या घरात बसून जे दाबतो, ते तिकडे चोराला दिसते. रिझर्व्ह बँकेने ह्या प्रकाराबद्दल 2019 सालीच बँकांना सावध केले होते.

तेव्हा अपडेट यायचे ते फोनच्या सेटिंग्जमधून किंवा प्ले स्टोअरमधून. व्हॉट्सॲपवरून अपडेट येत नसते. कंपनीचा माणूस त्यासाठी फोन करत नसतो. आणि दुरुस्तीला फोन द्यावाच लागला, तर आपण समोर उभे राहावे. बँकेचा पिन दुकानदाराला सांगू नये. पडद्याचे कुलूप उघडून हवे असेल तर ते आपल्या हाताने उघडून द्यावे.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर लाजत बसू नये. 1930 हा सरकारचा नंबर अशाच फसवणुकीसाठी आहे. तिथे ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी चोराच्या खात्यात पैसे अडवून धरता येण्याची आशा जास्त. मग बँकेला कळवावे. नंबर फोनमध्ये साठवून ठेवावाच, पण घरातल्या भिंतीवरही लिहावा. फोनच बिघडला तर भिंत कामी येते.

आपल्या भागात दोन बटणे चालू हवीत

रूप बदलले की आपण चार बटणे दाबून पाहतो. त्या नादात काही तरी बंद होऊन जाते. त्यातली दोन आपल्या भागात महत्त्वाची आहेत, म्हणून ती आम्ही त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या फोनांवर तपासली.

एक आहे 'व्यत्यय आणू नका'. मध्ये आडवी रेघ असलेला गोल, अशी त्याची खूण असते. हे चालू राहिले तर कॉल येतो, पण फोन वाजत नाही. सातपाटीहून बोट गेलेली असते, नवरा रात्रपाळीला असतो, आणि फोन उशाशी मुका पडून राहतो. हे बंद ठेवावे. किंवा घरच्यांचे नंबर वाजतील अशी सवलत त्यातच देऊन ठेवावी.

दुसरे आहे आणीबाणीच्या सूचनांचे. 2023 सालच्या जुलैमध्ये एके सकाळी असंख्य फोन एकदम मोठ्याने किंचाळले होते, आठवते का? तेव्हा लोक घाबरले. ती सरकारची चाचणी होती. वादळ, पूर, असे काही संकट आले तर त्या भागातल्या सगळ्या फोनांना एकाच वेळी इशारा देता येतो की नाही, हे पाहायचे होते. त्या आवाजाला कंटाळून किंवा भिऊन कित्येकांनी ती सोय बंद करून टाकली. सेटिंग्जच्या भिंगात 'इमर्जन्सी' किंवा 'आणीबाणी' असे लिहून पाहावे आणि ती चालू आहे ना, याची खात्री करावी. आपला किनारा वादळाच्या वाटेवर आहे. इकडे अणुवीज केंद्र, रसायनांचे कारखाने. तिकडे डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर 2018 पासून जमीन अधूनमधून हादरू लागली. तिथली माणसे तेव्हा थंडीत घराबाहेर झोपली होती. भूकंपाचीही एक सूचना अँड्रॉइड फोनांत 2023 पासून आपल्या देशात मिळते. पण ती साडेचार आणि त्याहून मोठ्या धक्क्यांसाठी असते. लहान हादऱ्यांना फोन काही बोलणार नाही. आणि ज्या जागी धक्का सुरू होतो, तिथे सूचना येईपर्यंत जमीन हललेलीही असते. म्हणून ती चालू ठेवावी, पण तिच्या भरवशावर झोपू नये.

तपासता तपासता दोघींच्या फोनांत आणीबाणीची सूचना बंद निघाली. कोणी बंद केली, ते त्यांना ठाऊक नव्हते. एकीने घरातल्या नातवाचे नाव घेतले.

सात वाजत आले होते. सगळ्या जणी उठायच्या तयारीत होत्या. तेवढ्यात त्या ताईचा फोन वाजला. पडद्यावर नवऱ्याचे नाव. पाळीतल्या चहाची वेळ झाली होती. ताईचे बोट सवयीने खालून वर निघाले आणि अर्ध्यावर थांबले. तिने पडदा जरा लांब धरला. वर्गात सगळ्या गप्प. ती अक्षर लावून हळूहळू वाचू लागली, "उ... त्त... र... द्या." फोन वाजतच होता. कोणी तरी म्हणाले, "अगं, घे आता!" तिने त्या शब्दावर बोट टेकले आणि फोन कानाला लावला.

"हां, बोला," ती म्हणाली. "वर्गात आहे. नाही हो, आता लागला पहिल्याच झटक्याला. तुम्ही जेवलात का?"